नऊ पानांचे वजन

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी एक टिपण इंटरनेटवर ठेवले. पाने अवघी नऊ. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे कोणत्याही जर-तरशिवाय आणि वेगाने ठरवणारी रीत त्यात होती. अशी रीत असू शकते का, हा संगणकशास्त्रातला जुना, अडलेला प्रश्न. कयाल आणि सक्सेना यांचे बी.टेक. नुकतेच झाले होते. जाणकारांनी काही दिवसांत ती सिद्धता तपासून मान्य केली. नियतकालिकात मात्र ती छापून आली २००४ साली. मधल्या काळात यांच्यापैकी कोणी आज चालतात त्या नियमांनी प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला असता, तर गुणपत्रकात त्या नऊ पानांना रकानाच मिळाला नसता. त्याच वेळी, कोणी न वाचलेले बारा निबंध पदरी असलेला उमेदवार निश्चिंतपणे पुढे सरकला असता.

संशोधनाचे मोल मोजून कळत नाही, वाचून कळते. हे विधान इतके साधे आहे की त्यावर वाद होण्याचे कारण नाही. तरीही आपली भरती, पदोन्नती आणि क्रमवारी यांची सारी घडी उलट गृहीतकावर बसवलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत ‘एपीआय’ गुण आणले, तेव्हापासून शिक्षकाच्या कामाची बेरीज मांडता येते अशी आपली समजूत झाली. अडचण बेरजेत नाही. ज्या गोष्टींची बेरीज करायची त्या एका जातीच्या नाहीत, ही अडचण आहे. प्रत्येक ज्ञानशाखेची पुराव्याची तऱ्हा वेगळी, तिला लागणारा काळ वेगळा. संगणकशास्त्रात नवी गोष्ट आधी परिषदेत आणि चालणाऱ्या प्रणालीत दिसते, नियतकालिकात मागाहून येते. आजच्या भाषिक प्रारूपांचा पाया असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचनासुद्धा २०१७ साली एका परिषदेतील निबंधातूनच पुढे आली.

वैद्यकात पुराव्याची तऱ्हा अगदी निराळी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत महिला घरोघर जात होत्या आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला गेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. त्याच ‘लॅन्सेट’ने मे २०२० मध्ये कोविड रुग्णांवरील हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनबद्दल एक निबंध छापला. हजारो रुग्णांची माहिती त्यात असल्याचा दावा होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्यापायी त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. मूळ माहिती तपासायला मिळेना, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत तो निबंध मागे घेण्यात आला. छापून आला त्या दिवशी गुणांच्या तक्त्यात या दोन्ही निबंधांची किंमत एकच ठरली असती. एकामागे गावोगावच्या नोंदवह्या होत्या, दुसऱ्यामागे काय होते ते कोणालाच दाखवता आले नाही. पण नियतकालिकाच्या नावावरून मोल ठरवणाऱ्याला हा फरक दिसूच शकत नाही.

ऊर्जेच्या क्षेत्रात पुरावा कागदावर पुरा होत नाही, तो यंत्रात चालून दाखवावा लागतो. लिथियम बॅटरीचा पाया स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात घातला, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिला कोबाल्ट ऑक्साइड दिले, १९८५ च्या सुमारास अकिरा योशिनो यांनी ती सुरक्षित वापरता येईल अशी घडवली, १९९१ मध्ये ती बाजारात आली, आणि तिघांना नोबेल मिळाले २०१९ मध्ये. यांपैकी व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांनी ते काम विद्यापीठात नव्हे, कंपनीत केले. दरवर्षी किती निबंध, असे विचारणाऱ्या पद्धतीला या साखळीतले दुवे ओळखता आले नसते.

मानव्यविद्येत तर कालगणनाच बदलते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. १,२५९ हस्तलिखिते, शारदा लिपीपासून मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या, त्यांतले पाठभेद ओळीओळीने ताडून पाहणे, असा तो व्याप होता. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये वारले तेव्हा काम अपुरेच होते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ सालचा; त्याचे इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये झाले. मधली २७ वर्षे तो मराठी अभ्यासकांच्या हातात होता, त्यावर वाद झाले, पुढचे संशोधन उभे राहिले. परंतु मराठीत लिहिलेले फारसे काही आंतरराष्ट्रीय संदर्भकोशांच्या पटावर येतच नाही. म्हणजे वारकरी परंपरेवरचा ग्रंथ मराठीत लिहिणे हा आपल्या मूल्यांकनात जवळजवळ तोट्याचा सौदा ठरतो.

मोजणीने फक्त चांगले काम झाकले जाते असेही नाही, तिने वाईट कामाला बाजार मिळवून दिला. मासिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ ही यूजीन गारफील्ड यांची कल्पना मुळात संदर्भसूचीत आणि ग्रंथालयात कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी होती. माणसांची लायकी जोखण्याचे काम तिच्यावर नंतर लादले गेले. एकदा संख्येवर पगारवाढ अवलंबून ठेवली, की संख्या पुरवणारे कारखाने उघडतातच. २०२३ या एकाच वर्षात जगभरात १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यांतले बहुसंख्य एकाच प्रकाशनगृहाच्या नियतकालिकांतले होते. आपल्याकडेही उपाय झाले. २०१८ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी करायला घेतली, २०२५ मध्ये ती बंद केली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली. राष्ट्रीय क्रमवारीत आता मागे घेतलेल्या निबंधांचे गुण वजा होतात. यांतला प्रत्येक उपाय मोजपट्टी दुरुस्त करतो. मोजपट्टी हातात का धरली, हा प्रश्न तसाच राहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत वजनदार आहे. आकडे काढून घेतले, तर उरतो वशिला. संस्थाचालकांचा नातेवाईक, विभागप्रमुखांचा विद्यार्थी, कोणाची तरी चिठ्ठी : हे सारे आपण पाहतो, आणि ज्याचे कोणी नाही अशा उमेदवाराला आकड्यांनीच थोडा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण आकड्यांनी वशिला हटवला का? मुलाखतीचे गुण समितीच्याच हातात राहिले, आणि लेखकयादीत नाव पैसे देऊन घालता येऊ लागले. आकडा निःपक्षपाती दिसतो, म्हणून तो पक्षपाताला सोयीचा आडोसाही होतो. वशिल्यावर खरा उतारा उघडेपणाचा आहे. उमेदवाराने आपली तीन ते पाच कामे निवडून द्यावीत, ती दोन बाहेरच्या जाणकारांनी वाचावीत, त्यांनी मत लेखी आणि कारणांसह द्यावे आणि निवडीनंतर ते सर्वांना पाहता यावे. निवड समितीच्या सदस्याला ‘गुण इतके होते’ असे म्हणून सुटता येऊ नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. इतके वाचणार कोण? ब्रिटनमध्ये २०२१ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात एका संशोधकाची जास्तीत जास्त पाच कामे घेतली गेली आणि विषयवार समित्यांनी ती तपासली. मासिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारात घ्यायचा नाही, असा नियम होता. ती व्यवस्था खर्चिक आहे, तिच्यावर तिथेही टीका होते. निबंधांच्या संख्येत जगाच्या पुढे धावणाऱ्या चीननेही २०२० मध्ये निबंधासाठी रोख बक्षिसे देण्यावर बंधने आणली आणि निवडक कामांवर भर द्यायला सांगितले. वाचायला वेळ नाही म्हणणारी समिती तीस-तीस वर्षे टिकणारी नेमणूक करत असते. पाच निबंध वाचण्याचा वेळ त्या नेमणुकीच्या तुलनेत नगण्य आहे.

तिसरा आक्षेप असा की ‘दीर्घ काम’ हे आळसाचे पांघरूण होईल. होईलही, जर टप्पे विचारले नाहीत तर. पण दीर्घ काम म्हणजे न दिसणारे काम नव्हे. सुकथनकरांनी १९२५ मध्ये सूत्रे हाती घेतली, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग अभ्यासकांपुढे ठेवला, १९३३ मध्ये पूर्ण आदिपर्व दिले आणि कोणता पाठ का स्वीकारला याची पद्धत प्रस्तावनेत मांडली, जेणेकरून चूक दाखवणाऱ्याला ती दाखवता यावी. जो टप्प्याटप्प्याने आपले काम तपासायला देतो तो आळशी नव्हे. जो दरमहा एक निबंध देतो पण मूळ माहिती दाखवत नाही, त्याच्याबद्दल मात्र शंका घ्यायला हवी.

एवढ्या मोठ्या सुधारणेसाठी दिल्लीच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत जागा भरल्या जातात तेव्हा समितीत बसणारी माणसे आपल्यातलीच असतात. त्यांनी आहे त्या नियमांत राहूनही प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारावा : तुमच्या कामांपैकी आम्ही कोणते वाचावे, आणि का? मग मुलाखतीच्या आधी ते खरोखर वाचून यावे.