वाढत्या पायाचं माप

मंडळी, शाळा उघडायला आठवडाच राहिलाय. आपल्याकडे कर्नाटकात मे संपता संपता घंटा वाजते, तिकडे महाराष्ट्रातल्या भाचरांना अजून पंधरा दिवस आंबे खायला मिळतात. खडेबाजारात, गणपत गल्लीत आता पाय ठेवायला जागा नाही, आणि बुटांच्या कुठल्याही दुकानात जा, एकच वाक्य कानावर येतं. "एक नंबर मोठाच द्या हो. वाढतं अंग हाय त्याचं."

हे वाक्य आपल्या घरांतलंच. काटकसरीचं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि बाकी सगळ्या बाबतींत शहाणपणाचं. विजार मोठी घेतली तर खालून दुमडता येते. फ्रॉक मोठा असला तर आत दुमडून टीप मारायची, पुढच्या वर्षी उसवली की झालं. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला, थोरलीचं परकर-पोलकं धाकटीला. आपल्या आया-आज्ज्यांनी असेच संसार ओढले, त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण बुटाला दुमड घालता येत नाही. तो पायापेक्षा मोठा असला की मोठाच, आणि लहान झाला की लहानच. या एका वस्तूला आपण काटकसरीतून वगळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, ते लिहिते.

प्राथमिक शाळेत तीसेक वर्षं शिकवलं. आमच्या वर्गात पायताण बाहेर काढून आत यायची पद्धत. पोरं प्रार्थनेला गेली की दारातली ती बुटांची रांग वाचता यायची. पुढच्या टोकात कापूस नाहीतर वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, म्हणजे बूट नवा आणि दोन नंबर मोठा. टाचेचा भाग तुडवून सपाट केलेला, म्हणजे बूट लहान झालाय आणि पोरगं त्याची सपाता करून वापरतंय. नाडीची गाठ वर्षभर न सोडलेली, म्हणजे पाय आत नुसता हिंदकळतोय, बूट तसाच घालता-काढता येतोय. खेळाच्या तासाला "बाई, मी बसतो" म्हणणारी पोरं बहुतेक याच बुटांची मालक असायची. आळशी म्हणून शिक्का मात्र पोरावर.

आता हिशेब बघा. आपल्या दुकानांत बहुतेक इंग्लिश नंबर चालतात. त्यात एका नंबरानं लांबी इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलीमीटर वाढते. (लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि मग पुन्हा 1 पासून सुरू होतात. "गेल्या वर्षी 13 होता, आता 1 कसा?" म्हणून दुकानदाराशी भांडणारे आज्जोबा सगळ्यांनीच पाहिले असतील.) सहा-सात वर्षांच्या मुलाचं पाऊल महिन्याला साधारण एक मिलीमीटरनं वाढतं. वर्षाला सेंटीमीटरभर. दीड-दोन वर्षांच्या बाळाचं त्याहून भरभर.

बरोबर बसणाऱ्या बुटात सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे दहा-बारा मिलीमीटर जागा असावी लागते, कारण चालताना पाऊल पुढे सरकतं आणि ते वाढायचंही असतं. चांगला दुकानदार ही जागा धरूनच नंबर सांगतो. त्यावर आपण म्हणतो, एक नंबर मोठा द्या. झाली वीस मिलीमीटर. मग तो बूट दोन वर्षं चालवायचा. पहिले सहा-आठ महिने मोठा, मधले थोडे महिने बरोबर, आणि उरलेले महिने लहान. दोन वर्षांच्या पैशात नीट बसणारा बूट फार तर सहा-आठ महिने मिळाला. ही काटकसर कुठली?

मोठ्या बुटात मूल बोटं आखडून बूट धरून ठेवतं, नाहीतर तो निसटतो. पाय फरफटतो, पळताना ठेच लागते. लहान बुटात बोटं एकमेकांवर चढतात, नखं मांसात जातात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मूल तक्रार करत नाही. लहानपणी पायातली बरीचशी हाडं अजून कुर्चेचीच असतात, मऊ असतात, दाबली तर दबतात. मोठ्या माणसाला चावेल असा बूट पोराला चावत नाही. म्हणून "बोचतंय का रे?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. दुकानात नव्या बुटाच्या आनंदात ते "नाही" म्हणणारच. अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघायची पद्धतही फसवी, कारण वरून दाबलं की पोरं आपसूक बोटं आत ओढतात आणि आपल्याला वाटतं जागा आहे.

मोठा नंबर घेण्यामागं काटकसरीखेरीज अजून एक कारण आहे, आणि ते मात्र आपल्या पदरचं नाही. आपली पावलं रुंद. बाजारातले बूट ज्या साच्यांवर शिवले जातात ते बरेचसे विलायती मापांवरून आलेले. पुढून आवळतो म्हणून आपण नंबर वाढवतो, रुंदी मिळते, पण लांबी फुकटची वाढते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर फिरून लाखाच्यावर लोकांची पावलं मोजली आणि 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली, अशा बातम्या 2024 साली आल्या होत्या. भारतीय पाऊल सरासरीनं रुंद असतं, हे त्यातूनही निघालं. आमच्या आज्जीला हे न मोजता माहीत होतं, पण सरकारी कागदावर आलं ते बरं झालं.

आज्जीवरून आठवलं. माप घेणं ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, त्यात आपला बेळगाव. चपलेला सीमाप्रश्न नाही. आमच्या घरी आज्जांच्या चपला अथणीहून यायच्या. त्याआधी वहीचा कागद जमिनीवर ठेवायचा, त्यावर सगळा भार टाकून उभं राहायचं, आणि पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवायची. डावं वेगळं, उजवं वेगळं. आज्जांचं उजवं पाऊल जरा मोठं होतं, तर उजवी चपल जरा मोठी यायची. आम्हा पोरांची मापंही सणाआधी अशीच निघायची. माप नेणारा माणूस मात्र पायरीच्या वर यायचा नाही, येऊ दिला जायचा नाही, कागद वरून खाली दिला जायचा. जुन्या आठवणी लिहायच्या तर हेही लिहायला हवं. आपल्या पायांची सगळ्यांत नेमकी माहिती ज्याला होती, त्याला आपण अंगणातच उभं ठेवलं.

पुढं तयार बूट आले. बाटाच्या दुकानात पाय ठेवून बघायचं एक माप असायचं, त्यावर टाच टेकवून पट्टी पुढं सरकवायची. ते माप आता बऱ्याच दुकानांत कोपऱ्यात पडून असतं किंवा नसतंच. आता काय, मोबाईलवर फोटो बघायचा, वय टाकायचं, डबा घरी. वयावरून बूट! एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या पोरांच्या पावलांत दोन-तीन नंबरांचा फरक मी स्वतः बघितलाय.

आता जरा शाळांकडे वळते, कारण सगळा दोष घरांवर टाकून चालणार नाही.

कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. तो अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. पायताणातही बंद बूटवाल्यांत सगळ्यांत जास्त, सँडल-चपलावाल्यांत त्याहून कमी. सपाट पाऊल म्हणजे लगेच आजार असं नाही, बहुतेकांना त्यानं काही होतही नाही, तेव्हा घाबरून डॉक्टरकडे पळू नका. पण वाढत्या पायाला मोकळीक मानवते, एवढं त्यातून नक्की कळतं. हे आपल्याच राज्यातलं काम आहे. तरी आपण पहिलीतल्या पोराला सकाळी बंद काळ्या बुटात कोंबतो आणि संध्याकाळी काढतो. तेही बेळगावच्या पावसात! जून ते सप्टेंबर मोजे वाळत नाहीत, बूट आतून ओले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. इस्त्रीनं मोजे वाळवणाऱ्या आया या ग्रुपवर किती असतील, हात वर करा.

मराठी शाळांत पूर्वी हे नव्हतं. पोरं स्लीपर घालून यायची, कितीतरी अनवाणी यायची. अनवाणीपणाचं कौतुक करायचं नाही मला, त्यात गरिबी होती, काटा होता, तापलेला डांबरी रस्ता होता. पण पट संख्या घसरू लागली, इंग्रजी शाळांशी सामना आला, तशी आपल्या शाळांनीही टाय घेतला, पट्टा घेतला, काळे बूट घेतले. एका पालकसभेत मी सँडलचा विषय काढला तर एक ताई उठून म्हणाल्या, "बाई, तुमचं बरोबर हाय की. पण आमची पोरं कॉन्व्हेंटच्या पोरांशेजारी उभारली की आधी पायाकडंच बघतात लोक." यावर सभेत कुणी बोललं नाही. मीही त्यांना खोडून काढलं नाही, कारण त्या खरं बोलत होत्या. बूट ही आपल्याकडे इभ्रत आहे. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना पायताण घालून गल्लीतून जायची चोरी होती, त्यांच्या घरात तर ती फार मोठी गोष्ट आहे.

पण इभ्रत सँडललाही देता येते, शाळेनं ठरवलं तर. पुढून रुंद, मागून पट्टा, सगळ्यांना सारखी काळी सँडल गणवेशात घेतली की कुणी कुणाशेजारी कमी दिसत नाही. निदान चौथीपर्यंत, निदान पावसाळ्यात. सरकारी शाळांत मुलांना बूट-मोजे फुकट मिळतात, हे चांगलंच आहे. तिथल्या पालकांनी मात्र एक विचारावं, नंबर लिहून घेताना पाऊल मोजलं की नुसती इयत्ता बघितली?

घरी करायचं ते फार नाही. संध्याकाळी माप घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. पोराला पुठ्ठ्यावर उभं करा, बसवून नाही. दोन्ही पावलं आखा. जे मोठं असेल त्याची टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत लांबी घ्या. लांब बोट अंगठाच असतो असं नाही, अंगठ्याशेजारचंही असतं. त्यात बारा मिलीमीटर मिळवून बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि ती घेऊन दुकानात जा. पट्टी बुटात टाचेपर्यंत सपाट बसली तर लांबी ठीक. वाकली तर बूट लहान, मागं बोटभर सरकली तर मोठा. आतला तळवा निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर पोराला उभं करा, रुंदीही कळेल. डब्यावरचा नंबर काही का असेना.

आणि खरेदी दोनदा करा, एकदा जूनला, एकदा दिवाळीनंतर. महागडा एक घेऊन दोन वर्षं ओढण्यापेक्षा साधे दोन घ्या. कापडी चालतील, शाळा चालवून घेत असेल तर. थोरल्याचा बूट धाकट्याला देऊ नका, आतून तो थोरल्याच्या पायाचा झालेला असतो, तळही त्याच्याच चालीनं झिजलेला. लग्नाकार्याला दोन तास घातलेला असेल तर गोष्ट वेगळी. मुलींच्या त्या टाचवाल्या चमकीच्या सँडलबद्दल मी लिहीत नाही, पोस्ट लांबेल आणि भांडणं होतील.

जाता जाता एक मागणं. अथणी, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींपैकी कुणाच्या ट्रंकेत, जुन्या वहीत असे पावलांच्या मापाचे कागद अजून असतील तर फोटो खाली टाका. आमच्याकडचा एकही राहिला नाही. कुणाच्या घरात मापं घेणारे, चपला शिवणारे हात असतील तर त्यांनीही लिहावं. पोरांच्या पायाला वाढायची जागा ते किती सोडायचे, हे त्यांच्याकडूनच ऐकायचंय.