वुजूचं पाणी, सहरीची चूल आणि छतावरचं ऊन

आमच्या छतावर सोलर बसून आता बराच काळ झाला. तेव्हापासून लग्नाच्या दावतीला जा की कुणाच्या घरी विचारपूस करायला जा, आमच्याकडे एक प्रश्न येतोच. "पॅनेल लावले, आता गीझर कुठला घ्यायचा? आणि गॅस सोडून शेगडी विजेची घेतली तर चालेल का?" विचारणाऱ्या बहुतेक भगिनीच असतात. पॅनेलची खरेदी घरातल्या पुरुषांनी केलेली असते; पाणी आणि चूल मात्र त्यांनाच सांभाळायची असते. म्हणून या महिन्याचं पान या प्रश्नासाठी.

आधी आमची फजिती सांगतो. आमचं घर कोकणातलं. अर्ध्यावर कौलं, अर्ध्यावर स्लॅब. मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. नारळाच्या करवंट्या, शेंड्या आणि झावळ्यांवर तो पेटायचा. पाणी छान तापायचं, पण धूर सगळा अम्मींच्या छातीत. शिवाय फजरच्या वेळी बंब पेटवायला सुनेला उठवावं लागू नये म्हणून अम्मी थंडीत गार पाण्यानेच वुजू करायच्या, आणि दिवसभर सांधे धरून बसायच्या. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही, हवा आहे." ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून आम्ही तीन किलोवॅटची यंत्रणा घेतली तेव्हा मनात पहिली गोष्ट हीच होती, की त्यांना पहाटे कुणालाही हाक न मारता गरम पाणी मिळावं. (2024 पासूनच्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे.)

मीटर फिरला, बिल उतरलं आणि आम्ही हवेत गेलो. वीज आता घरची, मग काटकसर कशाला? दोन हजार वॅटचा गीझर आणला, दोन हजार वॅटचं इंडक्शन आणलं, चहासाठी दीड हजार वॅटची किटली आणली. सगळं जुन्या वायरिंगवर, एकाच लाइनीवर. रमजानची पहिली सहरी आली. अम्मींसाठी गीझर चालू, इंडक्शनवर खिमा, किटलीत पाणी. पाच-दहा मिनिटांत खटका पडला आणि स्वयंपाकघर अंधारात. वर केला, परत पडला. त्या दिवशी खजूर, दही आणि रात्रीची भाकरी यांवर रोजा धरला गेला. अम्मींनी गार पाण्यानेच वुजू केली. काही बोलल्या नाहीत.

वायरमन आला, त्याने हिशेब मांडला. साडेपाच हजार वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 24 अँपिअर, आणि खटका 16 चा. "खटका पडला म्हणून वाचलात," तो म्हणाला. "पडला नसता तर वायर जळली असती." तेव्हा पहिली गोष्ट ही: गीझर आणि इंडक्शन यांना मीटरपासून वेगवेगळी लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा मोठा सॉकेट, नीट अर्थिंग, आणि गळती पकडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच. कंपनीकडे नोंदवलेला मंजूर भार कमी असेल तर तोही वाढवून घ्यावा. हा खर्च कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही, म्हणून आधीच बाजूला काढा.

दुसरा गैरसमज याहून मोठा. उन्हात पॅनेल लखलखतायत, आणि गावातली वीज गेली की आपल्याही घरातली जाते. आम्हाला पॅनेल विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. ही यंत्रणा ग्रिडला जोडलेली असते. बाहेरची वीज गेली की तिने बंदच पडायचं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्याच छतावरच्या विजेचा धक्का बसेल. 2020 च्या जूनमधलं निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको की नुसत्या विजेच्या चुलीवर घर सोपवता येत नाही. मग बॅटरी? घरोघरच्या इन्व्हर्टरला असते ती 150 अँपिअर-तासांची बॅटरी धरा. कागदावर तिच्यात 1.8 युनिट, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. दोन हजार वॅटचा गीझर ती निम्मी वीज अर्ध्या तासाच्या आत पिऊन टाकेल. आणि बहुतेक घरगुती इन्व्हर्टर एवढा भार उचलणारच नाही. बॅटरी दिवे-पंख्यांसाठी. पाणी आणि चूल तिच्यावर नको.

आता सहरीचा सवाल. सहरीच्या वेळी ऊन नसतं, मग सोलरचा उपयोग काय? इथे नेट मीटर मदतीला येतो. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि तिचे युनिट आपल्या खाती जमा होतात. पहाटे वापरलेले त्यातून वजा होतात. एप्रिल-मेचे शिल्लक युनिट पावसाळ्यात कामी येतात. मार्चअखेर मात्र खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटना फार कमी भाव मिळतो. म्हणून ‘जास्त पॅनेल लावा, वीज विकून कमवा’ असं सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका.

पाणी तापवायला किती वीज लागते, हे पाठच करून ठेवा: वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट. पाच माणसांच्या पाच बादल्या, अडीच युनिट. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे आमच्या छतावर रोजचे बारा. आंघोळीचं पाणी त्यात आरामात बसतं. वुजूसाठी तर तीन लिटर कोमट पाणी पुरतं. त्याला युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही. अम्मी एवढ्यासाठी कित्येक हिवाळे गार पाण्यात हात घालत होत्या, हा हिशेब मांडताना आम्हाला आमचीच शरम वाटली.

म्हणून आमचं मत असं. पॅनेल आधीच बसलेली आहेत आणि घर पाच-सहा माणसांचं आहे, तर पंधरा किंवा पंचवीस लिटरचा, टाकीचा, पाच तारांकित साधा गीझर घ्या. दिवसभर चालू ठेवू नका. नुसतं गरम ठेवण्यातच वीज मुरते. आम्ही त्याला घड्याळाचा स्विच लावलाय. सहरीच्या दिवसांत चार वाजता आपोआप चालू, साडेचारला बंद. इंडक्शन त्यानंतर. एवढ्या एका बदलानंतर खटका पुन्हा पडलेला नाही. तीन लिटरचा झटपट गीझर दिसायला स्वस्त, पण तीन हजार वॅट ओढतो आणि बादली भरेपर्यंत चालूच राहतो. किनाऱ्यावरच्या घरांत गीझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दोन-तीन वर्षांनी तपासून घ्या. तो झिजतो म्हणूनच टाकी गंजत नाही.

उन्हावर थेट पाणी तापवणारा सोलर हीटर वाईट अजिबात नाही. उलट ऊन पाण्यात उतरवण्यात तो पॅनेलपेक्षा कितीतरी हुशार. शंभर लिटरला दोनेक चौरस मीटर जागा पुरते. ज्यांनी पॅनेल घेतलेली नाहीत आणि घर माणसांनी भरलेलं आहे, त्यांनी आधी तोच घ्यावा. पण आमच्याकडे चार महिने ढग, छतावर वानरांचा धुमाकूळ आणि शेजारच्या वाडीतल्या माडाचे नारळ. काचेच्या नळ्या तिथे किती टिकतील? सोलापूर, लातूरकडच्या भगिनींना ऊन भरपूर, पण बोअरचं पाणी जड. नळ्यांत क्षार बसतो, त्याची सोय विचारून घ्या. आणि एकत्र कुटुंब असेल, पाहुण्यांची ये-जा असेल, तर हीट पंपाचा विचार करा. तो फ्रीजच्या उलट चालतो: हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, आणि एका युनिटात तीन युनिटांएवढं पाणी तापवतो. किंमत मात्र साध्या गीझरच्या कितीतरी पट, आणि दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी पाहा.

दोन गोष्टींबद्दल मात्र आम्ही हट्टी आहोत. बंद न्हाणीघरात गॅस गीझर नको म्हणजे नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. यात जीव गेलेत. दुसरी, बादलीत सोडायची रॉड. मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात ती विकत आणूच नये.

आता चूल. महिन्याला एक सिलिंडर लागत असेल, तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला आमच्या हिशेबाने 130 ते 140 युनिट लागतात, म्हणजे दिवसाला साडेचारच्या आसपास. एक किलोवॅट पॅनेलपेक्षा थोडं जास्तच. बाराच्या हिशेबात पाण्याचे अडीच, चुलीचे साडेचार, उरलेल्या पाचांत फ्रीज, पंखे, दिवे, पंप. बसतं, पण ओढूनताणून. एसी घेतला की मोडतं. पावसाळ्यात पॅनेल निम्म्यावर येतात, हेही धरा.

भांड्यांचं आधी पाहा. इंडक्शनला बुड सपाट हवं आणि त्याला लोहचुंबक चिकटायला हवं. आमच्या अम्मींच्या माहेरची कलईची देगची, अॅल्युमिनियमची पातेली, सगळी बाद झाली. बाजारात जाताना फ्रीजवरचं चुंबक पर्समध्ये टाकून जा. दुकानदार हसतो, हसू द्या. कुकरमधली डाळ, भात, दूध, चहा, खिमा, इंडक्शनवर झटपट होतात आणि स्वयंपाकघर तापत नाही. रोज्यात दुपारनंतर इफ्तारीच्या तयारीला उभं राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते. पण तांदळाच्या भाकरीला शेवटी आच हवी, तव्यावर ती तशी फुगत नाही. बिर्याणीचा दमही स्वस्त इंडक्शनवर बिघडतो. कमी आचेवर ते सतत बंद-चालू होतं, आणि चालू झालं की पूर्ण जोराने. आम्ही दोनदा खालचा थर करपवला. जाड लोखंडी तवा मध्ये ठेवल्यावर जमलं, पण आमच्या आपा अजून म्हणतात की चव ती नाही. पाहुणे असले की दम गॅसवरच.

तेव्हा गॅस सोडू नका. दोन बर्नरची शेगडी आणि एक भरलेला सिलिंडर घरात राहू द्या. आमचा सिलिंडर पूर्वी महिन्याला संपायचा, आता तीन महिने जातो.

हे सगळं आत्ताच ठरवा म्हणण्याचं एक कारण आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, 2030 मध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी पुन्हा. म्हणजे येणाऱ्या कित्येक सहऱ्या कडाक्याच्या पहाटेच्या. चूल आणि गरम पाणी, दोन्ही एकाच तासात लागणार.

आमचा बंब अजून पडवीत आहे. भंगारवाल्याने वजन करून पाहिलं, अम्मींनी त्याला परत पाठवलं. त्यात आता कढीपत्ता लावलाय. त्या मात्र पहाटे स्वतः उठतात, नळ सोडतात. फक्त तो नळ उंचावर आहे आणि खाली बसायला जागा नाही. तिथे ओटा बांधायचा राहिलाय. गवंडी म्हणतो, पाऊस उघडला की येतो.