पेटीचा दोष नव्हे, पट्ट्यांचा

पेटीला नावे ठेवणे हे आपल्याकडे फार दिवसांपासून रसिकतेचे लक्षण मानले गेले आहे. ज्याला भूप आणि देशकार यांतला भेद सांगता येत नाही, तोही मैफलीत मान हलवीत म्हणतो, "पेटीत श्रुती कुठल्या हो!" रवींद्रनाथांना ती खपत नसे. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या काळात तेरला गोरोबाकाकांपुढे भजनाला बसणाऱ्याने साथीला सारंगिया कोठून आणावा, हे मात्र कोणी सांगितले नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात गाणे म्हणजे पेटी, पखवाज आणि टाळ. ते ज्याला हलके वाटते त्याने खुशाल कानांत बोटे घालावीत.

आरोप खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पेटी त्यांचे शंभर-शंभरांचे बारा सारखे तुकडे करते. तिचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार ३८६ च्या आसपास असतो. शाळेत प्रार्थना चालू असता पेटी मध्येच थांबवली, की मुलींचा गंधार हळूच उतरून आपल्या घरी जातो. मी हे कितीदा तरी ऐकले आहे.

माझे भांडण आहे ते उपायांशी. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमंट्स नावाच्या सनदी अधिकाऱ्याला ते पटले, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मदतीस होता, आणि श्रुतींची पेटी लंडनमध्ये तयार करवून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांच्या पसंतीस उतरली नाही. भातखंड्यांना तर त्यामागची उपपत्तीच मान्य नव्हती. त्यानंतर आमच्या पंडितांनी श्रुती किती आणि कोणत्या, यावर शंभर वर्षे शाई आटवली. पट्ट्या बोटांखाली मांडाव्यात कशा, हा प्रश्न फारसा कोणाला प्रतिष्ठेचा वाटला नाही. सुताराचे काम ते!

अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. षड्ज-पंचमांना एकेक जागा, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन, आणि पट्टीखालच्या खुंटीने हवी ती निवडायची. युक्ती सुंदर आहे आणि तिच्यामागचे श्रम मोठे आहेत. परंतु बावीस जागा एका षड्जाला धरून लावल्या, की षड्ज हलवताच त्यांतल्या काही वाकड्या पडणार. हे गणित कोणाच्याही कारागिरीने टळत नाही. माझ्या वर्गातली मुलगी काळी चारमध्ये गाते, आवाज फुटलेला मुलगा काळी एकमध्ये. स्केल चेंजर पेटी पट्ट्याच सरकवून हा प्रश्न सोडवते खरी, पण तिचे बारा तुकडे सारखे असतात म्हणूनच.

तर मग तुकडे सारखेही हवेत आणि श्रुतीही हव्यात. दहावीपुढे न गेलेल्या मास्तराला जमणारा हिशेब आहे. बावीस श्रुतींतली अंतरे तीन मापांची सांगतात: पूर्ण सुमारे ९० सेंटांची, अशी ७, न्यून ७० ची, अशी ५, प्रमाण २२ ची, अशी १०. आता सप्तकाचे ५३ समान भाग करा. पूर्णाला चार भाग, न्यूनाला तीन, प्रमाणाला एक. २८ अधिक १५ अधिक १०, बरोबर ५३! बोझँक्वेट नावाच्या इंग्रजाने १८७० नंतरच्या दशकात ५३ भागांचा हार्मोनियम बांधला. तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. याच गृहस्थाने १८७७ साली हिंदूंच्या सप्तक-विभागणीवर निबंधही लिहिला.

खरी मौज मांडणीत आहे. पट्ट्या मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी करा. उजवीकडची शेजारीण नऊ भाग वर, म्हणजे शुद्ध ऋषभ. तिरपी वरची पाच भाग, तिरपी खालची चार. हे दोन निराळे कोमल ऋषभ. पाच आणि चार मिळून पुन्हा नऊ. हे नाते प्रत्येक पट्टीभोवती तेच राहते. म्हणून भैरवाचा हात एकदा बसला, की षड्ज कोठेही धरा, हात तोच. आपल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र पट्टी बदलली की बोटांनी नव्याने शिकायचे! परदेशात २८० षटकोनी पट्ट्यांचे लुमाटोन नावाचे वाद्य आज विकत मिळते. भात्याच्या पेटीत हे कठीण, कबूल. तीन सप्तकांना १५९ सूर लागतील आणि ती उचलायला दोन माणसे.

यावर शहाणे म्हणतील, दरबारीचा गंधार हा बिंदू नव्हेच, तो आंदोलनात असतो. मींड पट्टीत येत नाही. अगदी खरे. १९६३ साली जैराझभॉय आणि स्टोन यांनी मोजून दाखवले, की कलावंतांचा गंधार एका जागी बसत नाही. मग तोच न्याय बारा पट्ट्यांना का लावीत नाही? आणि ज्या भरताचे नाव घेऊन ही सगळी भांडणे चालतात, त्याने श्रुती सांगताना दोन वीणा घेतल्या, एक स्थिर ठेवली, दुसरी उतरवली आणि ताडून दाखवले. त्याला वाद्याची लाज वाटली नाही.

लुमाटोन आमच्या शाळेला परवडणारे नाही. मी सातवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याचे षटकोन कापून घेतले आणि त्यांवर शून्यापासून बावन्नपर्यंत आकडे घातले. भूपाची आकृती मुलांनी अर्ध्या तासात शोधली: ०, ९, १७, ३१. मग पारदर्शक कागदावर ती काढून दुसऱ्या षड्जावर ठेवून पाहिली, तंतोतंत बसली. धैवत ३९ चा की ४० चा, यावर मात्र त्यांचे भांडण अजून चालू आहे.