घरचें व्याकरण : जुन्या लॅपटॉपचा कायापालट

गेल्या अंकांत आम्हीं तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कल्हईविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकांनीं पत्रानें विचारिलें आहे कीं, कल्हईवाले आतां क्वचित् दिसतात, आणि घरांतील तरुण मंडळी तर ज्यांना कल्हई लागत नाहीं अशाच वस्तु वापरतात. तेव्हां त्या वस्तु जुन्या झाल्या म्हणजे काय करावें, हेंही गुरुजींनीं सांगावें. प्रश्न थट्टेनें विचारलेला असावा. परंतु योगायोग असा कीं, अशाच एका वस्तूवरून आमच्या घरांत नुकताच मोठा वाद होऊन गेला, आणि त्यांत चूक आमचीच ठरली. म्हणून उत्तर देणें प्राप्त आहे.

वस्तु म्हणजे लॅपटॉप संगणक. आमचे धाकटे बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले, हा त्यांचा. २०१२ सालीं निघालेल्या थिंकपॅड टी-४३० या जातीचा. नोकरी संपल्यावर त्यांनीं कोंकणांतल्या घरगुती व्यवहाराचे शब्द जमविण्याचा नाद धरिला होता. स्वयंपाकघर, गोठा, माडाची बाग, होडी, असा एकेक विषय घेऊन त्यावर एकेक टिपण ते या यंत्रावर उतरून ठेवीत. त्यांच्यामागें यंत्र कपाटांत गेलें, आणि भावजयीनें त्यावर धुतलेला रुमाल घातला. त्यांची मुलगी सध्यां संख्याशास्त्र घेऊन एम्. एस्सी. करीत आहे. तिनें वर्षापूर्वीं यंत्र एकदां चालू करून पाहिलें. सर्व टिपणें उघडत होतीं. ती म्हणाली, "काका, बाबांचा लॅपटॉप मी उघडून नीट करतें. वरचें रूपही जरा बदलतें. मला कॉलेजांत न्यायला होईल."

भावजय कांहीं बोलली नाहीं. बोललों तें आम्ही. गेलेल्या माणसाच्या हातची वस्तु आहे, तिला हात लावूं नये, आहे तशी राहूं दे, असें आम्हीं वडिलकीच्या अधिकारानें सांगून टाकिलें. आमचा शब्द घरांत अजून मोडीत नाहींत. यंत्र वर्षभर जागचें हललें नाहीं.

या यंत्राची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण तिचा वादाशीं संबंध आहे. आय्. बी. एम्. कंपनीच्या नोकरांपाशीं एक छोटी टिपणवही असे. तिच्यावर 'थिंक', म्हणजे 'विचार करा', एवढाच शब्द छापलेला असे. तिच्यावरून हें नांव पडलें. थिंकपॅड लॅपटॉप १९९२ सालीं निघाला, आणि २००५ मध्यें हा सारा व्यवसाय चीनमधील लेनोवो कंपनीकडे गेला. त्याचें रूप ठरविणारे रिचर्ड सॅपर हे जर्मन होते व मिलान शहरीं राहून काम करीत. जपानांत शोकादो बेन्तो नांवाचा जेवणाचा डबा असतो. बाहेरून साधी काळी चौकोनी पेटी, आणि झांकण उघडावें तों आंत सारा थाट. त्या डब्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. म्हणून बाहेर सर्वत्र काळा रंग, आणि आंत कळफलकाच्या मध्यभागीं, बोटानें रेटून पडद्यावरचा बाण हलविण्यासाठीं, एकच तांबडा ठिपका. पुतणीचा बेत झांकणावर पैठणीच्या मोरांचा चिकट कागद लावण्याचा होता. सॅपरांची ही हकीकत आम्हांस तिनेंच सांगितली. स्वतःविरुद्धचा पुरावा प्रतिपक्षाच्या हातीं देणारा वादी आम्हीं प्रथमच पाहिला.

पुढें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज-१० चें नेहमींचें पोषण थांबविलें. पुतणी ज्या उसन्या यंत्रावर काम करी तें जुनेंच होतें. मालकानें तें परत मागितलें. नवें यंत्र घ्यावयाचें तर पैशाची सोय नव्हती. एके दिवशीं भावजयीनें स्वतःच रुमाल काढिला, यंत्र मुलीपुढें ठेविलें, आणि आम्हांस म्हणाली, "भावोजी, कपाटांत ठेवून काय साधलं? उघडूं दे तिला." आम्ही गप्प बसलों.

यंत्र चालू केलें तों आंतून 'कट्‌कट्' असा बारीक आवाज येऊं लागला. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें चकत्या मिनिटास पांच किंवा सात हजार वेळां गरगर फिरतात, आणि त्यांच्यावरून केंसाहूनही कमी अंतरावर एक वाचक-दांडी सरकत असते. ती दांडी जागा चुकूं लागली म्हणजे असा आवाज येतो. पुतणीनें दुसरें कांहीं करण्याआधीं सर्व टिपणांची नक्कल बाहेर काढण्यास घेतली. रात्रीं दीडपर्यंत ती बसली होती. एकाहत्तर टिपणांपैकीं एकुणसत्तर आलीं. दोन आलीं नाहींत. वर्षापूर्वीं तीं उघडत होतीं. तेव्हांच नक्कल करावयाची. पण आम्हीं हात लावूं नको म्हटलें होतें, आणि मुलीनें तें अक्षरशः पाळिलें. तिनें आम्हांस त्याबद्दल एक शब्द ऐकविला नाहीं. ऐकविला असता तर बरें वाटलें असतें.

त्यानंतर आठ दिवस आम्ही तिच्या शेजारीं पाटावर बसून सारा खटाटोप पाहिला. शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, आगम हा मित्रासारखा येतो, कोणास न उठवितां शेजारीं बसतो. आदेश हा शत्रूसारखा येतो, मूळच्यास हुसकून त्याची जागा घेतो. आणि लोप म्हणजे होतें तें नाहींसें होणें. लॅपटॉपमधले फेरफारही याच तीन कोटींत बसतात.

आगम झाला तो रॅमचा. रॅम म्हणजे, आम्हांस समजलें त्याप्रमाणें, काम चालू असतां वह्यापुस्तकें उघडून ठेवण्याचें मेज. मेज लहान असलें म्हणजे एक वही मिटल्याखेरीज दुसरी उघडतां येत नाहीं. आंत दोन घरें होतीं. एकांत ४ जीबीची पट्टी, दुसरें रिकामें. त्यांत तिनें ८ जीबीची पट्टी बसविली. घेतांना मात्र जात पाहावी लागते. या यंत्रास डी.डी.आर.-३ जातीची पट्टी लागते, तिला २०४ संपर्क असतात, पुढच्या डी.डी.आर.-४ पट्टीला २६०. दोहोंची खांच निरनिराळ्या जागीं असते, त्यामुळें चुकीची पट्टी बसतच नाहीं. न बसली तर जोर करूं नये. योग्य पट्टी तिरपी सरकवून हलकेंच खालीं दाबिली कीं दोहों बाजूंच्या चिमट्यांचा 'खट्' असा आवाज होतो.

हें करण्यापूर्वीं तिनें बॅटरी काढून ठेविली, नळाच्या धातूला हात लाविला, आणि आम्ही पट्टी पाहण्यास हात पुढें केला तों म्हणाली, "काका, शिवूं नका!" अंगावरील विजेच्या सूक्ष्म ठिणगीनेंही आंतले भाग बिघडतात म्हणे. घरांत हे शब्द आम्हीं आजीच्या तोंडून ऐकिले होते, त्यानंतर आतांच. फरक इतकाच कीं, आजीच्या सोंवळ्याला रेशीम किंवा धाबळी चाले. या सोंवळ्याला नेमकीं तींच दोन वर्ज्य, कारण ठिणगी त्यांच्यांतच अधिक.

आदेश अर्थात् हार्ड डिस्कच्या जागीं. तिथें एस्. एस्. डी. आली, जिच्यांत फिरणारा भाग मुळींच नाहीं. रुंदी दोहोंची सारखी, अडीच इंची. जाडी मात्र ७ किंवा ९॥ मिलिमीटर असते, ती आधीं मोजावी. जुन्या लॅपटॉपला खरें तारुण्य येतें तें या एका बदलानें. पूर्वीं यंत्र जागें होईतों आमचा चहा पिऊन होई. आतां कप उचलावयास वेळ मिळत नाहीं. विंडोजच्या जागींही आदेशच झाला, लिनक्सचा. त्यास किंमत पडत नाहीं व तें मराठी उत्तम लिहितें.

लोप व्हावयाचा होता तो सी. डी. च्या खणाचा. पुष्कळ लोक तो खण काढून त्या पोकळींत दुसरी डिस्क बसवितात. त्यासाठीं सांगाडे मिळतात, १२·७ व ९·५ मिलिमीटर अशा दोन जाडींचे. परंतु भावजयीपाशीं कीर्तनाच्या सी. डी. आहेत. लोप टळला.

पंख्यांतली धूळ आणि प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप यांविषयीं लिहिण्यासारखें फार नाहीं. धूळ झाडावी, नवा लेप तांदळाच्या दाण्याएवढा लावावा, अधिक नको. बॅटरीनें मात्र त्रास दिला. या पिढीच्या थिंकपॅडांत बॅटरी ओळखण्याची योजना आहे. अनोळखी बॅटरी तें भरून घेत नाहीं. एका दुकानदारानें आम्हांस अस्सल म्हणून दिलेली तशीच निघाली. दोन हेलपाटे घातल्यावर त्यानें ती बदलून दिली. बॅटरी फोडून आंतल्या नळ्या बदलण्याचे प्रयोग कांहीं हौशी मंडळी करतात. आमच्या वाचकांच्या घरीं तें कोणी करूं नये. लिथियमची आग आवरत नाहीं.

आतां कळफलक. बंधु इनस्क्रिप्ट पद्धतीनें लिहीत. ही मांडणी आम्हांस फार आवडते, कारण ती रचणारानें वर्णमाला जाणली आहे. डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं व्यंजनें. क च्या वरच्या ओळींत ग. आणि शिफ्ट दाबिली कीं क चा ख, ग चा घ, अल्पप्राणाचा महाप्राण होतो. बंधूंनीं प्रत्येक कळीवर देवनागरी अक्षराची चिकटचिठ्ठी लाविली होती. दहाबारा वर्षांत बहुतेक पुसट झाल्या. काना जिथें, तिथें तर चिठ्ठी झिजून खालची कळही गुळगुळीत झाली आहे. मराठी लिहिणाराचें बोट तिथें सर्वांत अधिक पडणारच. इतर पांचसहा कळा बंद पडल्या होत्या, म्हणून कळफलक बदलणें भाग होतें.

या यंत्राच्या शोकीन लोकांत एक पंथ आहे. २०१२ मध्यें कळफलकाच्या सातांऐवजीं सहा ओळी केल्या, हें त्यांना रुचलें नाहीं. ते आधींच्या टी-४२० चा सात ओळींचा कळफलक आणून, त्याच्या पाठीचे कांहीं धातूचे दांते कानशीनें घासून, आंतल्या आज्ञावलींत दुरुस्ती करून, या यंत्रांत बसवितात. पुतणीच्या मनांत तेंच होतें. पण जुन्या घाटाच्या कळा निराळ्या. बाबांची कान्याची कळ त्यांवर बसेना. तिनें दोन दिवस विचार केला आणि पंथ सोडिला. लॅमिंग्टन रोडवरून सहा ओळींचाच कळफलक आणविला, आणि तोही त्याच कारखान्याचा, कारण एकाच नमुन्याचे कळफलक निरनिराळे कारखाने करितात व एकाच्या कळीचे चिमटे दुसऱ्याला जुळत नाहींत. मग नखानें हळूच उचलून ती एक कळ तिनें नव्यावर चढविली.

बाह्य रूपाविषयीं दोन सूचना. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें निघतो. नखांचा रंग काढण्याचें द्रव्य वापरूं नये, त्यांतील ॲसिटोननें प्लॅस्टिक विरघळतें. हवेचीं छिद्रें झांकूं नयेत. झांकणावर धातुमिश्रित रंग देऊं नये, कारण बिनतारी जोडणीच्या तारा बहुधा झांकणाच्या कडेला दडलेल्या असतात व धातु त्यांची वाट अडवितो. मोरांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. बाहेरची पेटी तिनें काळीच ठेविली. मोर आंत, कळफलकाखालीं हात टेकतात त्या पट्टीवर, बसविले. सॅपरांनाही हें चाललें असतें असें आमचें मत झालें आहे.

सारा खर्च साडेसात हजारांच्या आंत आला. नवें यंत्र घेणारानें मात्र सावध असावें. पुष्कळ नव्या पातळ यंत्रांत रॅम डाग देऊन कायमची जोडलेली असते, तिथें आगमही नाहीं आणि आदेशही नाहीं. विकत घेण्यापूर्वीं "हें उघडतें का, आंतलें काय काय बदलतें?" असें दुकानदारास विचारण्यास लाजूं नये. अमेरिकेंतील फ्रेमवर्क कंपनी २०२१ पासून सर्व भाग बदलतां येतील असे लॅपटॉप काढीत आहे, त्यांच्या पडद्याची चौकटसुद्धां हव्या त्या रंगाची लावितां येते. आपल्या सरकारनेंही २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडिलें आहे.

हरवलेल्या दोन टिपणांपैकीं एक होडीच्या दोरांविषयीं होतें. त्याचे कांहीं कच्चे कागद भावजयीला सांपडले आहेत. दुसरें जात्याच्या भागांविषयीं होतें, त्याचा कागद नाहीं. खुंटा आणि तळी एवढेच शब्द आम्हांस ठाऊक. रत्नागिरीकडील ज्या वाचकभगिनींना, किंवा त्यांच्या सासूबाईंना, बाकीचीं नांवें ठाऊक असतील त्यांनीं तीं मासिकाच्या पत्त्यावर कळवावीं. पुतणी उतरून घेण्यास बसली आहे.