डेअरीच्या स्कूटरला रेसचे रोलर कशाला?



दूध घालायला, खत आणायला, पाणंदीनं रानात जायला जी स्कूटर आपण वापरतो, तिच्यावर सध्या नवीन प्रयोग चाललेत. जड रोलर टाकायचे, व्हेरिएटरचा बॉस घासायचा, मागची स्प्रिंग नरम बसवायची आणि गावभर सांगायचं, टॉप वाढला! गॅरेजवालेही पैसे घेऊन हे करून देतात. माझा याला सरळ विरोध आहे. आणि कारणं यंत्राची आहेत, त्यामुळं जुन्या माणसाची कुरकुर म्हणून सोडून देऊ नका.

आत काय चालतं ते आधी बघा. पुढं इंजिनाच्या शाफ्टवर व्हेरिएटर, मागं क्लचसोबत दुसरी पुली, मध्ये बेल्ट. इंजिन फिरायला लागलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुढच्या पुलीच्या चकत्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली तेवढी उघडते. गिअर आपोआप बदलतो तो असा. जड रोलरनं हेच काम कमी आरपीएमवर होतं, गाडी लवकर वरच्या गिअरात जाते. बस, एवढंच. इंजिनात घोडे वाढत नाहीत. 110 सीसीच्या गाडीत ताकद साधारण 8 एचपी. 80 ची गाडी 100 ला न्यायची तर नुसती हवा कापायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. ती काय रोलरातून निघणार?

"पण मीटरवर दिसतं की!" दिसतं ना. उतारावर, वारं पाठीमागून असताना, गाडीवर एकटा बारीक पोरगा असताना.

आता तीच गाडी आपल्या कामाला लावा. 20 लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच 41 किलो. युरियाची गोणी 45 किलो, डीएपीची 50. वर चालवणारा, कधी मागं शाळेला निघालेलं पोरगं. चढ लागला की इंजिनाला आरपीएम पाहिजे असतात, आणि जड रोलरनं ते आधीच खाली ओढलेले असतात. गाडी घुंघुं करत मरते, क्लच अर्धवट पकडतो, जळका वास येतो. नरम स्प्रिंग असेल तर आणखी मजा, कारण मागच्या पुलीत बेल्ट आवळून धरायचं कामच त्या स्प्रिंगचं. लोड आला की बेल्ट घसरतो, तापतो, कडक होतो. आपल्या धुरळ्यात तर लवकरच. बॉस घासला की चकत्या गरजेपेक्षा जवळ येतात, बेल्ट कडेच्या बाहेर चढतो, कव्हरला घासतो. आणि चालत्या गाडीत तुटलेला बेल्ट क्लचभोवती गुंडाळला तर मागचं चाक जागेवर जाम होऊ शकतं. भरलेले कॅन घेऊन.

उताराचं तर कुणी बोलतच नाही. बेल्ट वरच्या गिअरात बसलेला असला की इंजिनाचा ब्रेक कमी मिळतो, आणि वेग फारच उतरला की क्लच सुटून गाडी मोकळीच पळते. मग सगळं ओझं ब्रेकवर. बऱ्याच स्कूटरना पुढं-मागं 130 मिमीचे ड्रम आहेत. 40 ऐवजी 60 नं येणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. टॉप वाढवून देणाऱ्या एकाही गॅरेजवाल्यानं "ब्रेक पण बघू का?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

चार चाकांच्या बऱ्याच एटीव्हीतही हीच बेल्टची यंत्रणा असते. ऑस्ट्रेलियात शेतावर त्या गाड्या उलटून माणसं दगावली, तेव्हा 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या नवीन क्वाड बाइकला उलटल्यावर चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट सक्तीची झाली. तिथल्या सरकारला आधी जीव दिसला. आपल्याला रील दिसते.

गाडीचा वेग खरंच पडला असेल, पूर्वी 80 जायची ती 65 लाच अडकत असेल, तर वेगळी गोष्ट. तेव्हा जड रोलर नको, कव्हर उघडा. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो पुढच्या पुलीत पूर्ण वर चढतच नाही. मॅन्युअलमध्ये दिलेली रुंदी मोजा. रोलर तळहातावर घेऊन फिरवा, एका बाजूला चपटे झाले असतील तर सगळा सेट बदला, कंपनीच्याच वजनाचा. एअर फिल्टर, टायरची हवा आणि ब्रेक घासतोय का, तेही बघून घ्या. आणि ज्यांचं रान चढावर आहे त्यांनी बदल करायचाच तर उलट दिशेनं करा, रोलर थोडे हलके. ओढ सुधारेल, पेट्रोल जरा जास्त जाईल. मेकॅनिकला सांगताना मात्र टॉप स्पीडचा शब्द काढू नका, गाडीवर किती किलो घेऊन कुठला चढ चढायचाय तेवढं सांगा.