शब्दांचे भांडवल की शब्दांचे ओझे?

मागील महिन्यात आमच्या परिचयाचे एक भुसार मालाचे व्यापारी आपल्या कन्येस घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलगी मराठी शाळेत शिकलेली, पुढे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविलेली, आणि उच्च शिक्षणाकरिता अमेरिकेस जाण्याचा तिचा मानस. त्यासाठी जी. आर. ई. नामक परीक्षा द्यावयाची म्हणून तिने पाच महिने खपून तीन हजारांवर अवघड इंग्रजी शब्द अर्थासह मुखोद्गत केले होते. आम्ही विचारू त्या शब्दाचा अर्थ ती तत्काळ सांगे. मग आम्ही मेजावरील एका इंग्रजी पत्राचा अग्रलेख तिच्यापुढे ठेवला आणि लेखक मंत्र्यांची स्तुती करीत आहे की निंदा, एवढेच विचारले. तिला ते सांगता येईना. तेव्हा वडील निःश्वास टाकून म्हणाले, "वकीलसाहेब, हिला मराठी शाळेत घातले तिथेच माझे चुकले. धाकट्याच्या बाबतीत ही चूक करणार नाही."

मुलीची मान खाली गेली. शेटजींचे ते वाक्य आज घरोघर ऐकू येते, म्हणूनच त्यास जाहीर उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ही परीक्षा काय मोजते ते पाहू. तिचा उगम १९३६ सालचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या अमेरिकेतील चार विद्यापीठांनी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तिचा प्रयोग आरंभिला. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे तिचा कारभार गेला. कित्येक वर्षे तीत विरुद्धार्थी शब्द ओळखण्याचे व शब्दांच्या जोड्यांतील संबंध ताडण्याचे प्रश्न असत. शब्द एकटा उभा, वाक्याचा आधार नाही. अशा प्रश्नांस याद्या पाठ करणे हा उपाय काहीसा लागू पडे, आणि तशा जाडजूड याद्यांचा धंदाही चांगला चाले. परंतु ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार परीक्षेतून काढून टाकण्यात आले. आता गाळलेल्या जागा भरावयाच्या त्या परिच्छेदाचा रोख ओळखून. सहा शब्दांतून असे दोन निवडावयाचे की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. आणि सुमारे निम्मे प्रश्न तर सरळ उताऱ्यांवरचे. सप्टेंबर २०२३ पासून भाषेच्या भागात २७ प्रश्न व ४१ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट! परीक्षकांनी माप बदलले. आमच्याकडील पुष्कळसे विद्यार्थी व त्यांचे शिकविणारे मात्र जुन्याच पायलीने धान्य मोजीत बसले आहेत.

यादीने काय साधत नाही, हे व्यापारी वाचकांस सांगण्यास एक उदाहरण पुरे आहे. इंग्रजीत 'थ्रिफ्टी', 'फ्रुगल', 'पार्सिमोनियस' आणि 'मायझर्ली' असे शब्द आहेत. घोकणारा विद्यार्थी चारही शब्दांपुढे 'कमी खर्च करणारा' असा एकच अर्थ लिहून मोकळा होतो. पण एखाद्या शेटजींस काटकसरी म्हणणे आणि कवडीचुंबक म्हणणे यांत अंतर नाही काय? पहिल्या शब्दाने त्यांची पत वाढते, दुसऱ्याने अब्रू जाते. पहिले दोन इंग्रजी शब्द काटकसरीच्या बाजूचे, तिसरा चिक्कूपणाच्या बाजूचा, आणि चौथा तर कवडीचुंबकाचाच. परीक्षक नेमका हाच भेद विचारतो, आणि यादीत नेमका तोच हरवलेला असतो.

दुसरा धोका सोप्या दिसणाऱ्या शब्दांचा. येथे आमचीच एक फजिती सांगतो. वकिलीच्या आरंभी 'सँक्शन' म्हणजे मंजुरी एवढेच आम्हांस ठाऊक होते. एका करारनाम्यात अटी मोडणाऱ्यास सँक्शन लागू होईल असे कलम होते; ते वाचून आम्ही पक्षकारास गंभीर मुद्रेने सांगितले की, अटी मोडल्यास मंजुरी मिळेल! त्याच शब्दाचा अर्थ शास्ती असाही होतो, हे एका ज्येष्ठ वकिलांनी बाजूस घेऊन समजाविले म्हणून निभावले. 'अप्रोप्रिएट' म्हणजे योग्य, हे शाळकरी मुलासही ठाऊक. पण तोच शब्द क्रियापद झाला की दुसऱ्याची वस्तू आपलीशी करणे असा अर्थ होतो. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, तसेच आपल्या विधानास मर्यादा घालणे. 'फ्लॅग' म्हणजे निशाण, आणि उत्साह मावळणे हेही. अवघड शब्दांच्या मागे धावणारा विद्यार्थी या ओळखीच्या चेहऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि तेथेच ठेच खातो.

मग पाठांतर टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पाठांतराची ज्यांनी पराकाष्ठा केली अशा लोकांचे आपण वारस आहो. परंतु त्यांची रीत आपण विसरलो. संथा घेतली की तिच्या आवृत्त्या दिवसांमागून दिवस ठरलेल्या क्रमाने होत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवरील प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचेही तात्पर्य हेच निघाले की, विस्मरण आरंभी झपाट्याने होते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. शब्द आज शिकावा, उद्या आठवून पाहावा, पुन्हा चार दिवसांनी, पुन्हा पंधरवड्याने. अमरकोशानेही शब्द विषयवार एकत्र बांधून दिले आहेत, सुटे विखरून टाकले नाहीत. आणि अर्थ न जाणता पाठ म्हणणाऱ्यास ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा निरुक्तानेच दिली आहे. इंग्रजी शब्दांचे ओझे वाहिल्याने तो खांब विद्वान होतो असे थोडेच आहे!

ज्या मराठी शिक्षणाचा शेटजींस पश्चात्ताप होत होता, ते तर येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. धातू, उपसर्ग, प्रत्यय यांची ओळख मराठी शाळेतील मुलास व्याकरणाच्या तासालाच होते. इंग्रजीतील बहुतेक भारदस्त शब्द लॅटिन व ग्रीक धातूंवर असेच उभारलेले आहेत. लॅटिनमधील बोलण्याचा धातू एकदा कळला की 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या, 'एलोक्वेंट' म्हणजे वक्तृत्वसंपन्न आणि 'ग्रँडिलोक्वेंट' म्हणजे शब्दावडंबर माजविणारा, हे तिन्ही एका खुंटीस टांगता येतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याची घोषणा केली, ते नाते परीक्षेतही कामास येते. आपले 'नाम' तेच लॅटिनचे 'नोमेन'. 'नॉमिनल' म्हणजे नाममात्र. आणि 'इग्नोमिनी' म्हणजे नाव जाणे, बदनामी. मात्र धातू वाट दाखवितो. मुक्काम कोठे, हे वाक्यच ठरविते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रोज इंग्रजीतील एखादा चांगला निबंध किंवा अग्रलेख वाचावा. अडलेला शब्द मूळ वाक्यासह वहीत उतरावा, त्याच्यासमोर नेमका मराठी शब्द शोधून लिहावा, आणि मग त्याचे स्वतःचे एक वाक्य करावे. व्यापाऱ्यांस हे सहज पटेल. रोजकीर्दीत नोंद केली, पण खतावणी केलीच नाही, तर वर्षअखेर कोणाचे येणे व कोणाचे देणे हे कळेल काय? शब्दांची यादी ही नुसती रोजकीर्द आहे. वाचन व लेखन ही खतावणी. गावोगावच्या वाचनालयांनी चार चांगली इंग्रजी नियतकालिके घेऊन अशा विद्यार्थ्यांसाठी आठवड्यास एक वाचनसभा भरविली, तर शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्यांच्या मुलांसही ही वाट मोकळी होईल.

इंग्रजी शाळेतील मुलांस फायदा मुळीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आहे, पण तो त्यांच्या अधिक इंग्रजी वाचनाचा आहे, मराठी न येण्याचा नव्हे. वाचनाची ती उणीव वर्षभराच्या नेमाने पुष्कळ भरून काढता येते. स्वभाषेत अर्थाची छटा ओळखण्याची सवयच लागली नसेल, तर ती कोणत्या वर्गात विकत मिळणार? शिवाय या परीक्षेच्या १३० ते १७० गुणांवर कोणी आपल्या मुलीच्या बुद्धीची किंमत ठरवू नये. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या अनेक विभागांनीच अलीकडे तिची सक्ती काढली आहे. परदेशी जावे, तेथील विद्या अवश्य संपादावी. पण ज्या भाषेने विचार करावयास शिकविले तिला दोष देऊन निघू नये.

राहिली त्या अग्रलेखाची गोष्ट. तो आम्ही मुलीबरोबर घरी दिला आणि यादी बाजूस ठेवून त्याचे मराठी करून आण, असे सांगितले. चार दिवसांनी ती वडिलांसह आली. वही पुढे ठेवून म्हणाली, "यात लेखक वरवर मंत्र्यांचे गोडवे गातो, पण प्रत्येक वाक्यात त्यांची निंदाच आहे. मराठी शाळेत आम्हांला शिकविलेली व्याजस्तुती ती हीच." शेटजींस त्यातील 'व्याज' हा शब्द तेवढा ओळखीचा वाटला. या शब्दातील व्याज म्हणजे मिष, हे आम्ही त्यांस सांगितले. आणि हेही सांगितले की, मराठी शाळेत गुंतविलेल्या मुदलाचे व्याज तुम्हांस आजच हाती पडले आहे. धाकट्याचे नाव शाळेत घालताना त्यांनी एवढा हिशेब ध्यानात ठेवावा, इतकीच आमची विनंती आहे.