नव्या वाहिनीचा पाया

यूट्यूबवर नवी वाहिनी काढणाऱ्या आमच्या तरुणांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रेक्षक लवकर जमावेत म्हणून दुसऱ्याचे गीत उचलून लावणे हा आत्मघात होय. खाली मूळ गायकाचे नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, ही समजूत कायद्यापुढे टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षेसाठी उचित वापराची मुभा देते. सबंध गीत वाजविण्याची नव्हे. ९० दिवसांत ३ स्ट्राइक आले की वाहिनीच बंद होऊ शकते. मग जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळावा म्हणून कष्टाने जमविलेले १,००० सदस्य आणि वर्षातील ४,००० तासांचे प्रेक्षण, सारेच मातीमोल! तेव्हा विषय आपला, वाणी आपली आणि वार ठरलेला असावा. अशी वाहिनी हळू वाढेल. परंतु तिची मालकी निर्विवादपणे आपली राहील.